सकाळची थट्टा : तिची घडण आणि तिची मर्यादा



सकाळीं सात-साडेसातच्या सुमारास विश्रांतवाडीच्या चौकांत उभें राहिलें, तर एक मौज पाहावयास मिळते. आळंदी रस्त्यानें येणाऱ्या मोटारी, धानोरीकडून येणाऱ्या दुचाक्या आणि विमानतळाची घाई असलेल्या रिक्षा यांची तेथें एकच दाटी झालेली असते. प्रत्येकाच्या कपाळावर आठी असते. आणि मग एकाएकीं तीन निरनिराळ्या वाहनांतील तीन अनोळखी माणसें एकाच क्षणीं हंसतात. त्यांनीं एकमेकांकडे पाहिलेलेंही नसतें. नभोवाणीवरील दोघे निवेदक कालच्या कुठल्याशा सामन्याविषयीं किंवा लग्नांतील आहेराविषयीं कांहीं तरी बोलले आणि तें त्या तिघांनाही एकदम पटलें, एवढेंच काय तें घडलेलें असतें.

ही जी सकाळची थट्टामस्करी, तिच्याकडे आपण सहसा गंभीरपणें पाहत नाहीं. पुष्कळ शिकलेल्या घरांतून तर तिला 'वटवट' हेंच नांव मिळालेलें आहे. परंतु जी गोष्ट रोज सकाळीं असंख्य घरांत न विचारतां शिरते आणि मुलांच्या जिभेवर बसते, ती नाक मुरडून सोडून देण्यासारखी नसते. ती कशी घडते, तिला खेळ आणि शिष्टाचार हेच दोन विषय इतके प्रिय कां, आणि कोणत्या ठिकाणीं ती थट्टा न राहतां जखम होते, याचा विचार आज आपण करूं.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. हा प्रकार एफएमच्या यंत्राबरोबर परदेशांतून आला, असें पुष्कळांना वाटतें. वेष परदेशचा असेल. सांगाडा मात्र आपल्याकडे जुनाच आहे. संस्कृत नाटकाच्या आरंभीं सूत्रधार आणि नटी यांचा संवाद होतो, आणि पुढें राजा विरहानें झुरत असतांना विदूषकाला आपल्या मोदकांची काळजी पडलेली असते. तमाशांतल्या बतावणींत एक शहाणा आणि एक वेडगळ अशी जोडी असते, आणि गंमत अशी कीं खरें तें बहुधा वेडगळाच्याच तोंडून बाहेर पडतें. गवळणींत मावशी आहे, पेंद्या आहे. लेखनाकडे वळलें, तर श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या 'सुदाम्याच्या पोह्यां'त सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या ही त्रयी आहे, आणि चिं. वि. जोशांच्या कथांत चिमणराव व गुंड्याभाऊ आहेत. एक माणूस एकटाच विनोद सांगूं लागला कीं ऐकणारा सावध होतो. हा आतां मला हंसावयास लावणार, असें त्याच्या मनांत येतें. तेच दोघे आपसांत बोलूं लागले कीं ऐकणारा नकळत तिसरा होऊन त्यांच्यांत जाऊन बसतो. जोडीच्या विनोदाचें सारें मर्म येथें आहे.

नभोवाणीनें हें मर्म लवकरच ओळखलें. मुंबईचें केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. 'ऑल इंडिया रेडिओ' हें नांव १९३६ सालीं मिळालें. आणि पुण्याचें केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजीं, गांधीजयंतीच्या मुहूर्तावर उघडलें. पुढें मुंबई आकाशवाणीच्या 'पुन्हा प्रपंच' या श्रुतिकामालेनें मराठी घरांत केवढी जागा मिळविली होती, हें वयस्क श्रोत्यांना सांगावयास नकोच. बाळ कुडतरकरांचे टेकाडे भावजी, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी आणि प्रभाकर जोशांचे पंत या तिघांचे आवाज कानीं पडले कीं आपल्याच बैठकीच्या खोलींत कोणी ओळखीचें येऊन बोलत बसलें आहे, असें वाटे. विषय म्हणावे तर घरचेच, म्हणजे महागाई, पाहुणे, शेजारी, सरकारी नियम असे. त्यांत कोणी कोणाचा पाणउतारा करीत नसे. कोपरखळी असे, पण ती घरच्या माणसानें घरच्या माणसाला मारलेली असे.

यानंतर २००१ पासून देशांत खासगी एफएम वाहिन्या निघूं लागल्या, आणि कांहीं काळानें पुण्यांतही त्यांची गर्दी झाली. त्यांच्या बोलण्यांत खेळ आणि वागणूक यांचें एवढें प्राबल्य कां, याचें एक कारण सरकारी नियमांत सांपडतें. या वाहिन्यांना स्वतः बातम्या जमवून देण्याची मोकळीक मिळाली नाहीं. २०११ सालीं जाहीर झालेल्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणानें आकाशवाणीचें वार्तापत्र जसेंच्या तसें ऐकविण्यास त्यांना परवानगी दिली. वाहतूक, हवामान, सण-उत्सव, परीक्षांचे निकाल आणि क्रीडास्पर्धांची माहिती हे विषय बातमींत धरावयाचे नाहींत, असेंही त्यांत ठरलें. सामन्यांचें थेट धावतें वर्णन त्यांना वर्ज्य राहिलें. केवळ स्थानिक स्वरूपाच्या सामन्यांपुरती सवलत ठेवली गेली. आतां असा विचार करा कीं, एका माणसाला रोज सकाळीं तीन-चार तास बोलावयाचें आहे आणि राजकारणाचें दार त्याला बंद आहे. मग त्याच्यापाशीं उरतें काय? पाऊस, रस्ता, खेळ आणि माणसांची वागणूक! चौकांत उभ्या राहिलेल्या कोणत्याही दोन पुणेकरांपाशीं जें उरतें, तेंच.

आतां सकाळच कां, हें पाहूं. सकाळीं हात कामांत असतात आणि डोळेही कामांत असतात. कोणी कणीक मळीत आहे, कोणी दाढी करीत आहे, कोणी मुलाच्या बुटांची दुसरी जोडी शोधीत आहे, आणि कोणी येरवड्याच्या पुढें खोळंबलेल्या वाहनांच्या रांगेंत क्लच दाबून बसला आहे. एकटा कानच काय तो रिकामा असतो. पण तोही निवांत नसतो. दोन वाक्यें ऐकतो, तोंच कुकरची शिटी होते. मग पुन्हां दोन वाक्यें ऐकतो. म्हणून सकाळचा विनोद हा लांब गोष्टीचा विनोद असूं शकत नाहीं. दोन गाण्यांच्या मधल्या मिनिटा-दीड मिनिटांत त्याला उभें राहून, नमस्कार करून, निघून जावें लागतें. मधूनच ऐकणाऱ्यालाही तो कळला पाहिजे, म्हणून त्याचें मूळ सर्वांच्या ओळखीच्या गोष्टींत असावें लागतें. ओळख करून देण्यास वेळ नसतो.

दोन आवाज लागतात तेही केवळ परंपरेसाठीं नव्हे. नभोवाणीवर चेहरा दिसत नाहीं. रंगभूमीवर नट वाक्य बोलून भुवई उडवितो, आणि तें थट्टेनें म्हटलें हें आपल्याला कळतें. नभोवाणीवर ती भुवई दुसऱ्याच्या आवाजांत ठेवावी लागते. पहिला कांहीं तरी अचाट बोलतो, दुसरा "बरं!" एवढेंच म्हणतो, आणि त्या एका 'बरं'नें श्रोत्याला खूण पटते. भारतांतील क्रिकेटच्या धावत्या वर्णनाचे आद्य पुरुष बॉबी तल्यारखान हे ध्वनिक्षेपक दुसऱ्याशीं वाटून घेण्यास तयार नसत; तासन् तास एकटेच बोलत. वर्णनाला तें शोभलें. थट्टेला तें शोभलें नसतें, कारण टाळी एका हातानें वाजत नाहीं, ही म्हण थट्टेला जितकी लागू पडते तितकी भांडणालाही पडत नसेल.

खेळांत पुन्हां स्थानिक खेळच कां? देशाचा संघ हरला तर मन खरेंच खट्टू होतें, आणि त्यावरील थट्टा पुष्कळांना सोसत नाहीं. गल्लींतील संघ हरला तर दुःख संध्याकाळच्या चहाबरोबर विरून जातें. थट्टेला अशी उथळ जागा हवी असते, पडलें तरी गुडघाच फुटावा, डोकें नव्हे. शिवाय पुण्याला खेळांचा अभिमान कांहीं थोडाथोडका नाहीं. बॅडमिंटनला एके काळीं 'पूना' हेंच नांव होतें, कारण एकोणिसाव्या शतकांत येथील छावणींतले गोरे अधिकारी तो खेळत. खो-खोचे नियम बांधून देण्यांत डेक्कन जिमखान्यानें पुढाकार घेतला. बाळ ज. पंडित यांनीं क्रिकेटचें धावतें वर्णन अस्सल मराठींत घरोघर पोंचविलें. मार्च २०२४ मध्यें 'पुणेरी पलटण' हा कबड्डीचा संघ प्रो कबड्डी स्पर्धेंत प्रथमच अजिंक्य ठरला, तेव्हां कित्येक काकांना आपणही लहानपणीं कसे दम धरून चढाई करीत होतों, याची अचानक आठवण झाली. जेथें अभिमान मोठा आणि श्वास तोकडा, तेथें विनोदाला बोलावणें पाठवावें लागत नाहीं.

आतां नमुन्यादाखल एक लहानसा संवाद मीच रचून सांगतों. रविवारच्या सामन्यानंतरची सोमवारची सकाळ आहे, असें समजा.

निवेदिका : काल आमच्या वसाहतीचा क्रिकेटचा सामना झाला. आम्ही अवघ्या तीन धावांनीं हरलों.

निवेदक : अरेरे! म्हणजे अगदीं थोडक्यांत हुकला.

निवेदिका : हो ना. त्यांच्या तीन झाल्या होत्या.

निवेदक : आणि तुमच्या?

निवेदिका : आम्ही शेवटपर्यंत हिशेब तपासत होतों.

निवेदक : बरं! खेळपट्टी वाईट होती का?

निवेदिका : छे, खेळपट्टी उत्तमच. एरवीं आम्ही तिच्यावर मोटारी उभ्या करतों.

निवेदक : आणि पंच?

निवेदिका : पंच पूर्ण निःपक्षपाती. दोन्ही बाजूंचा चहा त्यांनीं सारखाच घेतला.

हा विनोद कांहीं थोर नाहीं. पण तो कसा चालतो, हें पाहा. 'तीन धावांनीं' या शब्दांनीं श्रोत्याच्या मनांत एक चुरशीचा सामना उभा राहतो. पुढच्याच वाक्यानें तो सामना कोसळतो. मनानें उचललेलें पाऊल जिथें पायरी समजून टाकलें तिथें पायरीच नसावी, तसें होतें, आणि आपण हंसतों. दुसरी गोष्ट अशी कीं, हरली ती बोलणारीचीच बाजू. ती स्वतःला वगळून बोलत नाहीं. तिसरी गोष्ट, पंचांचा चहा आणि खेळपट्टीवरच्या मोटारी या दोहोंमुळें खेळाच्या गोष्टींतून हळूच शिष्टाचाराची गोष्ट निघाली. सार्वजनिक मैदान मोटारींनीं कसें गिळलें आणि निःपक्षपातीपणा आपण कसा मोजतों, हें कोणी उपदेश न करतां सांगितलें गेलें.

खेळ आणि शिष्टाचार हे दोन विषय एकमेकांच्या इतके जवळ कां राहतात, याचें उत्तर या नमुन्यांतच आहे. दोन्ही नियमांवर उभे आहेत. आणि दोहोंतही छापील नियम एक असतात व प्रत्यक्ष चालणारे दुसरेच असतात. गल्लींतील क्रिकेटचा खरा कायदा कोणत्या पुस्तकांत आहे? ज्याची बॅट त्याची पहिली फलंदाजी. एका टप्प्यावर झेल घेतला तरी बाद. काकांच्या गच्चींत चेंडू गेला तर मारणाऱ्यानेंच वर जावयाचें आणि शिव्याही त्यानेंच खावयाच्या! त्याचप्रमाणें घरगुती शिष्टाचाराचा कायदा पाहा. पाहुणे निघतों म्हणून उठतात आणि दारांत उभे राहून आणखी अर्धा तास बोलतात. यजमान "जेवूनच जा" असें म्हणतात, आणि पाहुण्यानें पहिल्यांदा नाहींच म्हणावयाचें असतें. तो पहिल्याच झटक्याला "बरं" म्हणाला तर स्वयंपाकघरांत धांवपळ होते. उद्वाहनांत शिरणाऱ्यानें आंतल्यांना आधीं बाहेर पडूं द्यावें, हें सर्वांना ठाऊक आहे, आणि दार उघडतांच दोन्ही बाजू एकदम चालूं लागतात. बसमध्यें एक गृहस्थ भ्रमणध्वनीवर मोठ्यानें बोलून आपल्या जांवयाचा पगार साऱ्या प्रवाशांना कळवितात आणि शेवटीं पलीकडच्याला बजावतात कीं, "हें कोणाला सांगूं नकोस." दुपारीं एक ते चार कोणी दार वाजवूं नये, अशी पाटी लावणारा पुणेकर स्वतः अडीच वाजतां दुसऱ्याच्या दाराशीं उभा असतो. जें मानतों आणि जें करतों यांत जी फट राहते, तिच्यांतून विनोद बाहेर येतो. म्हणून मी म्हणतों कीं, चांगली थट्टा ही शिष्टाचाराची शत्रू नव्हे. ती त्याची परीक्षक आहे.

पण परीक्षकाच्या हातांत छडी असली म्हणजे तिचा मोह पडतो. मघांचाच संवाद थोडा फिरवून पाहूं. त्यांत हरलेल्या संघाऐवजीं वसाहतीचा राखणदार आणला, चेंडू आणावयास तो कसा धापा टाकीत धांवला आणि आपल्या गांवाकडच्या भाषेंत काय पुटपुटला, याची नक्कल केली, तर हंसूं येईल काय? दुर्दैवानें येईल. कदाचित् अधिकच येईल. परंतु तें हंसूं निराळ्या जातीचें झालें. मघां आपण सगळे मिळून एका वागणुकीला हंसलों होतों. आतां वरच्या मजल्यावरचे खालच्या मजल्यावरच्याला हंसत आहेत. वर्गांत शिकविणाऱ्या कोणासही हे दोन हशे डोळे मिटून ओळखतां येतात. गुरुजींच्या डगल्याला खडू लागलेला पाहून वर्ग हंसतो, तेव्हां वर्ग मोकळा होतो. अडखळत वाचणाऱ्या मुलाला वर्ग हंसतो, तेव्हां तो मुलगा पुढें वर्षभर हात वर करीत नाहीं.

नभोवाणीवर ही गोष्ट अधिक नाजूक होते, कारण तेथें उत्तर देतां येत नाहीं. चावडीवर कोणी माझी थट्टा केली तर मी उलट दोन शब्द बोलूं शकतों, निदान उठून जाऊं शकतों. लहरींवरून आलेल्या थट्टेला कोठें गाठावें? आणि ती किती लांब जाते, हें बोलणाऱ्यालाही कळत नाहीं. सप्टेंबर २००७ मध्यें दार्जिलिंगचा प्रशांत तमांग हा गोरखा तरुण दूरचित्रवाणीवरील 'इंडियन आयडॉल' ही गायनस्पर्धा जिंकला. दिल्लीच्या एका एफएम वाहिनीवरील निवेदकानें त्यावर थट्टा केली, ती गोरखे म्हणजे रात्रीचे पहारेकरी या जुन्या चाकोरींतली. त्याला तें दोन गाण्यांमधलें वाक्य वाटलें असेल. शेंकडों मैलांवरच्या सिलिगुडींत त्यावरून निषेध झाला आणि त्याचें पर्यवसान हिंसाचारांत झालें. गाणारा मनुष्य कोलकात्याच्या पोलिस दलांतील शिपाई होता, हें तेथें कोणाला सुचलें नाहीं, कारण असल्या थट्टेंत माणूस पाहावयाचाच नसतो; जात पाहावयाची असते.

दुसरें उदाहरण डिसेंबर २०१२ चें. ऑस्ट्रेलियांतील सिडनीच्या एका वाहिनीवरील दोघां निवेदकांनीं लंडनच्या एका इस्पितळांत दूरध्वनी केला आणि आपण इंग्लंडची राणी व युवराज बोलत आहों, असा आवाज काढला. तेथें राजघराण्यांतील सून उपचारासाठीं होती. मूळच्या आपल्या मंगळूरकडील एका परिचारिकेनें तो दूरध्वनी घेतला आणि विश्वासानें पुढें जोडून दिला. जगभर हशा झाला. तीनच दिवसांनीं ती परिचारिका मृतावस्थेंत सांपडली. तिनें स्वतःचें जीवन संपविलें होतें. माणूस असा टोंकास कां जातो, याचें एकच कारण सांगणें शहाणपणाचें नव्हे. एवढें मात्र स्पष्ट आहे कीं, त्या थट्टेंत राणीला कांहींच झालें नाहीं. जी कामावर होती, जिनें सभ्यपणें उत्तर दिलें, तिचीच सभ्यता थट्टेचें साधन झाली. आपल्याकडेही सकाळच्या वेळीं अनोळखी माणसाला खोटा दूरध्वनी करून त्याची भंबेरी उडविण्याची चाल निघाली, तिचा विचार करतांना ही घटना विसरतां कामा नये.

मग बलवानांची थट्टा करावी काय? जरूर करावी, आणि त्यासाठीं पुण्यांतल्याच एका सामन्यासारखें उदाहरण नाहीं. डिसेंबर १९४८ मध्यें रणजी स्पर्धेंत महाराष्ट्र आणि काठेवाड यांचा सामना येथें झाला. महाराष्ट्राच्या भाऊसाहेब निंबाळकरांनीं नाबाद ४४३ धावा काढल्या. संघाच्या ४ गडी बाद ८२६ झाल्या. डॉन ब्रॅडमन यांचा ४५२ धावांचा तेव्हांचा उच्चांक मोडण्यास निंबाळकरांना दहाच धावा हव्या होत्या. अशा वेळीं काठेवाडचे कप्तान, राजकोटचे ठाकूरसाहेब यांनीं पुढें खेळण्यास नकार देऊन सामनाच सोडून दिला. निंबाळकर ४४३ वरच राहिले, आणि इतकें करूनही त्यांना कसोटी सामना एकही खेळावयास मिळाला नाहीं. यावर सकाळची जोडी काय बोलेल? वाढपी थांबेना म्हणून पाहुणे पानावरून उठले, असें एखादी म्हणेल. आणि तिचा सोबती विचारील कीं, विड्यासाठीं तरी थांबले होते का? हें हंसणें निर्मळ आहे. येथें थट्टा कोणाच्या जन्माची नाहीं, दारिद्र्याची नाहीं. पराभवाला पाठ दाखविणाऱ्या एका संस्थानिकाच्या वागणुकीची आहे. खेळांत हरावें कसें, हा शिष्टाचारांतला सर्वांत अवघड धडा आहे. तालमींतला पोरसुद्धां माती कपाळाला लावून, हात मिळवून उतरतो, आणि चितपट झाला तरी पुन्हां हात मिळवूनच बाहेर येतो.

पण याच शहराच्या मैदानावर याहून जुनी एक गोष्ट आहे, आणि तिच्यांत शिष्टाचार हाच आरोपी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पळवणकर बाळू हा तरुण पुण्याच्या युरोपियन क्लबांत मैदानाची निगा राखण्याच्या कामावर होता. तेथें साहेबांना सरावासाठीं चेंडू टाकतां टाकतां तो असा गोलंदाज झाला कीं, येथील हिंदु संघाला त्याच्यावांचून चालेना. तो चर्मकार कुटुंबांतला होता. मैदानावर त्याच्या हातचा चेंडू सर्वांना चाले. चहाच्या सुटींत मात्र इतर खेळाडू आंत बसून चिनी मातीच्या पेल्यांतून चहा पीत, आणि बाळूला तो बाहेर, फेकून द्यावयाच्या मातीच्या भांड्यांतून मिळे. पुढें १९०६ सालीं त्याच्याच गोलंदाजीच्या बळावर हिंदु संघानें मुंबईस युरोपियनांचा पराभव केला. तरीही कप्तानपद त्याला कधीं लाभलें नाहीं. तें त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलाला, १९२३ सालीं मिळालें.

त्या चहाच्या भांड्याला त्या काळीं कोणी क्रौर्य म्हणत नव्हतें. रीत म्हणत होते. हेंच मला आजच्या भाषणांत आवर्जून सांगावयाचें आहे. शिष्टाचार आणि सभ्यता या दोन गोष्टी एक नव्हेत. शिष्टाचार म्हणजे चार प्रतिष्ठित मंडळी जें करतात तें. सभ्यता म्हणजे समोरच्या माणसाचा मान राखणें. दोन्ही बहुधा हातांत हात घालून चालतात. पण केव्हां केव्हां शिष्टाचार पुढें निघून जातो आणि सभ्यता फाटकाबाहेर उभी राहते. अशा वेळीं ही फारकत उघडी करणें, हें विनोदाचें खरें काम आहे. आपल्या वसाहतींतून आजही कामवाल्या बाईंसाठीं निराळा पेला ठेवणारीं घरें असतील. घरकाम करणाऱ्यांनीं अमुक उद्वाहन वापरूं नये, अशा पाट्या कोठें कोठें लागतात. सकाळच्या जोडीनें थट्टा करावयाची तर बाईंच्या बोलीची करूं नये. त्या पेल्याची करावी, त्या पाटीची करावी.

तेव्हां थट्टेची मर्यादा कोणती, असें कोणी विचारलें, तर मी तीन प्रश्न सुचवीन. ते निवेदकांसाठीं आहेत, आणि घरच्या जेवणाच्या पंक्तीसाठींही आहेत. जिची थट्टा केली ती व्यक्ति बरोबरीनें उत्तर देऊं शकते काय? थट्टा वागणुकीची आहे कीं जन्म, बोली, वर्ण आणि शरीर यांची आहे? वागणूक बदलतां येते. उरलेल्या गोष्टी माणसानें मागून घेतलेल्या नसतात. आणि तिसरा प्रश्न, बोलणारा त्या हंसण्यांत स्वतः सामील आहे काय? तिन्ही प्रश्नांना समाधानकारक उत्तर मिळालें, तर खुशाल हंसावें, पोट धरून हंसावें. एकाही प्रश्नाशीं जीभ अडखळली, तर तें वाक्य गिळून एखादें जुनें गाणें लावावें. श्रोत्यांची तक्रार येणार नाहीं.

कोणी म्हणेल कीं, इतक्या विचारानें विनोद मरून जाईल. मला तसें वाटत नाहीं. वृत्तानें कविता मरत नाहीं आणि सीमारेषेनें कबड्डी मरत नाहीं. उलट रेषा आहे म्हणूनच चढाईला रंग येतो. शिवाय थट्टेला माणूस नेहमींच लहान करावा लागतो, असेंही नाहीं. ज्येष्ठ वद्यांत ज्ञानोबांची पालखी आळंदीहून निघून दिघी, कळस, विश्रांतवाडी या वाटेनें पुण्यांत येते. त्या दिवशीं या रस्त्यावर कानावर येणारें संबोधन एकच, "माऊली". पोलिस वारकऱ्याला माऊली म्हणतो, वारकरी पोलिसाला माऊली म्हणतो, आणि गर्दींत पायावर पाय पडला तरी "जरा सांभाळून, माऊली" इतकेंच म्हटलें जातें. म्हणून थट्टा थांबते काय? मुळींच नाहीं. एकमेकांच्या पायांतील पादत्राणांवरून, शिदोरीवरून, घोरण्यावरून वारकरी जी मस्करी करतात ती ऐकण्यासारखी असते. पण ज्याला आधीं माऊली म्हटलें, त्याची थट्टा करतांना जीभ आपोआपच एका मर्यादेंत राहते. हांक कशी मारली, यावर पुढचें सारें अवलंबून असतें.

उद्यां सकाळीं आपल्या घरांत नभोवाणी लागेल, तेव्हां हंसूं आलें तर अवश्य हंसा. फक्त मुलें शेजारीं बसलीं असतील, तर त्यांना सहज विचारा कीं, "आपण आतां कोणाला हंसलों?" त्यांचीं उत्तरें चोख असतात, आणि ज्या वाक्याला उत्तर देतांना तीं गप्प होतील, तें वाक्य कसें होतें हें आपल्यालाही कळेल.